रिठा, आंबट आणि खार: घरच्या घरी क्लीनर करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की हे प्रश्न ढिगाने येतात, आणि बरेचसे तेच तेच असतात. म्हणून एकत्र लिहून ठेवतो आहोत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साफसफाईचं सगळं घरीच करायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

मळ कशाचा आहे ते ओळखण्यापासून. घरगुती साफसफाईत मुळात तीनच गट आहेत. पहिला आंबट: लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, बायोएन्झाइम (फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं द्रावण, प्रश्न ७). यांनी पाण्याचे क्षार आणि धातूवरची काळवंड निघते. दुसरा खार: खायचा सोडा, धुण्याचा सोडा, लाकडाची राख. हे तेल-तूप सुटवतात. तिसरा फेस: रिठा, शिकेकाई, साबण. हे सुटलेला मळ पाण्याबरोबर वाहून नेतात. नळावरच्या पांढऱ्या थराला सोडा चोळलात तर हात दुखतील आणि थर जागेवर राहील. फोडणीच्या कढईला लिंबू चोळलंत तरी तेच. ‘घरगुती उपाय चालत नाहीत’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा गट चुकलेला असतो.

सगळं एकदम बदलू नका. आधी काच आणि फरशी, मग भांडी, मग कपडे. कपडे सर्वात अवघड, ते शेवटी.

२. सामान काय काय आणून ठेवू?

रिठे, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, सायट्रिक अ‍ॅसिड (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं), पांढरं व्हिनेगर आणि गूळ. याच्यापुढे काही लागत नाही. व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असलं तर ते पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, आंबवून केलेलं नसतं. सफाईला दोन्ही सारखीच. आपल्याकडे विकायच्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के असावं लागतं. स्वस्त पडतं म्हणून ग्लेशियल (पाणी न घातलेलं) अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणायला जाऊ नका, त्याने कातडी भाजते.

३. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकच ना?

नाही, आणि ही गफलत महागात पडते. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य, त्याच्या पाण्याचा पीएच (सातच्या खाली आंबट, वर खार) साधारण ८ ते ८.५. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, पीएच ११च्या आसपास. तो हातमोजे घालूनच वापरायचा, आणि अ‍ॅल्युमिनियम, लोकर, रेशीम यांच्या जवळपास फिरकू द्यायचा नाही. दोन्ही पांढऱ्या पुडी दिसतात, तेव्हा डब्यांवर नाव लिहा. धुण्याचा सोडा ढोकळ्यात जाता कामा नये.

४. रिठ्याचं पाणी करायची नेमकी कृती सांगा.

पंधरा-वीस रिठे फोडून बिया टाकून द्या. फेस सालीतल्या सॅपोनिनमुळे येतो, बी नुसती जागा अडवते. साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करा आणि सुती फडक्याने गाळा. चोथ्यात अजून दम असतो. त्यात थोडं पाणी घालून पुन्हा उकळा आणि ते पाणी मोरी किंवा बाथरूम घासायला वापरा.

रिठा बोअरच्या जड पाण्यातही फेसतो. साबणाची जड पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडून पांढरट साका तयार होतो, रिठ्याचा तसा होत नाही. मराठवाड्यातून, सोलापूरकडून लिहिणारे जुने वाचक रिठ्यावर का अडून बसतात ते यावरून कळेल.

कुस्करताना आणि गाळताना डोळे जपा. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. भरपूर साध्या पाण्याने धुवत राहायचं आणि आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जायचं.

५. माझं रिठ्याचं द्रावण तिसऱ्या दिवशी आंबलं. काय चुकलं?

काही नाही. तो पाला-सालीचा काढा आहे, त्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेलं नाही. मुंबई-कोकणच्या हवेत बाहेर ठेवला तर एक-दोन दिवसांत वास मारतो. फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो. एका लिटरला चहाचा एक चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घातलं तर आणखी थोडा टिकतो, पण मग तो आंबट गटात गेला हे लक्षात ठेवा आणि प्रश्न ११ वाचा. सर्वात सोपं म्हणजे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या करून ठेवणं. त्या डब्याला मोठ्या अक्षरात नाव लावा, पाहुण्याच्या सरबतात पडायला नकोत.

महिनोन्‌महिने बाहेर टिकणारं ‘शुद्ध रिठा लिक्विड’ बाजारात दिसलं तर त्यात परिरक्षक आहे एवढं समजून घ्यावं. तो असणं वाईट नाही. नाही असं सांगणं वाईट.

६. रोजची भांडी रिठ्याने निघतात का? खरं सांगा.

चहाची, भाताची, वरण-भाजीची निघतात. नारळाची शेंडी किंवा काथ्या घ्या, रिठ्याचं पाणी घ्या, झालं. मटणाचं पातेलं आणि पुऱ्या तळलेली कढई निघत नाही. त्यांना आधी बेसन किंवा गव्हाचं पीठ भुरभुरवून तेल टिपून घ्या, मग गरम पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा, शेवटी रिठा. अ‍ॅल्युमिनियमची कढई असेल तर सोड्याची पायरी गाळा.

राखेबद्दलही विचारतात. लाकडाची किंवा शेणीची चाळलेली राख उत्तम. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि बारीक खरखरही असते. दगडी कोळशाची, छापील कागदाची किंवा उदबत्तीची राख भांड्यांना नको. नॉनस्टिकला कुठलीच राख नको.

७. बायोएन्झाइम कसं करायचं?

प्रमाण १:३:१०. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साली, एक लिटर पाणी. हे सगळं दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत घाला, म्हणजे वर जागा राहील. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, मग अधूनमधून, आणि तीन महिन्यांनी गाळायचं. काचेची बाटली वापरू नका. घट्ट बंद काच वायूच्या दाबाने फुटते आणि तुकडे घरभर जातात. घाई असेल तर चिमूटभर यीस्ट किंवा आधीच्या बाटलीचा गाळ घाला, काम दीड महिन्यावर येतं.

साली संत्र्या-मोसंबीच्या, लिंबाच्या, अननसाच्या चांगल्या. हिवाळ्यात रसवंतीवाल्याला किंवा ज्यूसवाल्याला सांगून ठेवलं तर पिशवीभर मिळतात. डाळिंबाच्या साली टाळा, त्यातल्या टॅनिनचे डाग पडतात. कांदा-लसणाच्या साली टाळा, कारण स्पष्ट आहे. शिजवलेलं अन्न, खारवलेल्या लिंबाच्या फोडी, तेलकट काहीही नको. गूळ अगदी हलका, काळा, गुरांना घालतात तो चालतो. चिकीचा गूळ यात वाया घालवू नका.

वापर असा: फरशीला अर्ध्या बादलीत दोन टोपणं, सिंक आणि टाइल्सना एकास दहा पाणी घालून स्प्रे, कमोडला पाणी न घालता.

८. त्यात खरंच एन्झाइम असतात? जाहिरातीत तर चमत्कार सांगतात.

थोडेफार असतील, पण स्वच्छतेचं बहुतेक काम आंबटपणा करतो. यीस्ट गुळाचं अल्कोहोल करतं, मग अ‍ॅसेटिक जिवाणू त्याचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड करतात, लॅक्टिक जिवाणूही आपला वाटा उचलतात. तयार द्रावणाचा पीएच साधारण ३ ते ४ असतो. म्हणजे ते सालींच्या वासाचं घरगुती व्हिनेगर आहे. त्यात कमीपणा काही नाही. कचऱ्यात जाणाऱ्या साली कामाला लागतात आणि व्हिनेगर विकत आणावं लागत नाही. मात्र एक चमचा बायोएन्झाइमने नदी शुद्ध होते, ओझोनचा थर भरून निघतो वगैरे संदेश फिरतात त्यांना काही आधार नाही. ते पुढे पाठवू नका.

९. बाटलीत पांढरा थर आलाय / काळी बुरशी आलीय / अळ्या झाल्यात. टाकून देऊ?

पांढरा, पातळ, सायीसारखा थर निरुपद्रवी यीस्टचा असतो, बाटली नुसती हलवा. काळी-हिरवी केसाळ बुरशी म्हणजे साली पाण्यावर तरंगून कोरड्या पडल्या किंवा गूळ कमी पडला. वरचा भाग काढून टाका, मूठभर गूळ घाला, साली बुडतील असं बघा. अळ्या फळमाश्यांच्या, झाकण उघडं राहिल्याची खूण. वास आंबट किंवा दारूसारखा असेल तर सगळं ठीक. कुजका, गटारासारखा असेल तर कंपोस्टमध्ये ओता आणि नव्याने करा.

१०. व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळला की केवढा फेस येतो! तो भरून ठेवला तर चालेल?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. चालणार नाही. आंबट आणि खार एकमेकांना मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो उडून गेला की बाटलीत उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, आणि त्याने ना तेल निघतं ना क्षार. वर बाटली बंद असेल तर टोपण उडायची भीती. दोन्ही वापरायचे तर पाठोपाठ वापरा: आधी सोड्याने घासा, धुवा, मग व्हिनेगर फिरवा. लिंबू पिळून त्यात सोडा घालायच्या पाककृतींनाही हेच लागू. तुंबलेल्या मोरीत तो उसळता फेस कधी कधी मदत करतो कारण हललेला कचरा पुढे सरकतो, बस. त्यापेक्षा जाळीतले केस हाताने काढा, धुण्याचा सोडा टाका आणि गरम पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो.

११. व्हिनेगरने ओटा पुसला तर पांढरे डाग पडले. हे काय झालं?

तुमचा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. शहाबादी फरशीही चुनखडीच, कोटाही. संगमरवर तर उघडच. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत पायाखाली आणि हाताखाली जे काही आहे त्यातलं निम्मं चुनखडीच्या जातीचं असतं, आणि आंबट पदार्थ चुनखडी खातो. पॉलिशचा वरचा थर विरघळतो आणि दगड तिथे निस्तेज दिसतो. म्हणून तो डाग घासून जात नाही. डाग नाहीच तो, खड्डा आहे. लोणच्याची बरणी किंवा कापलेलं लिंबू ओट्यावर राहिलं की जी पांढरी गोल कडी उमटते, तीही हीच.

परदेशी व्हिडिओंतले ‘ऑल-पर्पज’ स्प्रे जवळजवळ सगळे व्हिनेगरचे असतात. तिथल्या लॅमिनेटला ते ठीक असतील, आपल्या ओट्याला नाहीत. बायोएन्झाइमलाही हाच नियम. फरशी पुसायच्या बादलीत दोन टोपणं टाकली तर फार बिघडणार नाही, पण रोज आणि दाट वापरलं तर वर्षभरात शहाबादीची तुकतुकी जाते. मोझॅक टाइल्समध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, त्यांनाही आंबट नको.

दगड कोणता ते माहीत नसेल तर कोपऱ्यात, फ्रिजखाली कुठेतरी, व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा. बुडबुडे आले की चुनखडी. ग्रॅनाइटवर काही होत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सनाही काही होत नाही, पण त्यांच्या फटींमधलं सिमेंट मात्र झिजतं.

अशा दगडांना रिठ्याचं पाणी (सायट्रिक अ‍ॅसिड न घातलेलं) किंवा बादलीत चमचाभर खायचा सोडा. आधीच पडलेल्या डागांवर खोबरेल तेलाचा हात फिरवला की कडप्पा काही दिवस काळा दिसतो, पण खरा उपाय पॉलिशवाल्याकडेच आहे.

१२. देवाची भांडी लख्ख करायला पावडरीशिवाय काय?

तांब्या-पितळेची काळवंड आंबटाने जाते. देशावर चिंच, कोकणात आमसूल किंवा ताज्या कोकमाची साल, गोव्याकडे आणि तळकोकणात बिंबलं. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून एक-दोन मिनिटं चोळा, लगेच धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ‘लगेच’ दोनदा लिहिलंय ते मुद्दाम. पितळ आंबटात भिजत ठेवलं तर त्यातलं जस्त निघून जाऊन ते गुलाबी दिसायला लागतं, आणि ओलं ठेवलं तर दुपारपर्यंत पुन्हा काळं-हिरवं. रांगोळीने घासायची सवय सोडा, ती दगडाची पूड आहे आणि मूर्तीचे नाक-डोळे झिजतात.

कल्हईच्या भांड्यांना आतून आंबट आणि राख दोन्ही नकोत. कथलाचा थर मऊ असतो. फडकं आणि रिठा पुरे. शोभेच्या पितळी वस्तूंवर लॅकर असेल तर नुसत्या ओल्या फडक्याने पुसा.

चांदीला आंबट लागू पडत नाही, कारण ती गंधकामुळे काळी होते. स्टीलच्या पातेल्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घाला, वर चांदी ठेवा, लिटरभर कढत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. चांदी फॉइलला टेकली पाहिजे. काळेपण फॉइलकडे जातं आणि चांदी झिजत नाही. मोती, खडे आणि मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी यात घालू नका. टूथपेस्टने ओरखडे पडतात.

१३. नळावरचे, शॉवरवरचे आणि कमोडमधले क्षार कसे काढू?

इथे आंबटाला पर्याय नाही. कपभर पाण्यात टेबलस्पूनभर सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासून धुवा. शॉवरचं तोंड काढून त्याच पाण्यात बुडवा. सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल तर पाच मिनिटांच्या पुढे नको. कमोडमध्ये रात्री तीन-चार टेबलस्पून टाका आणि सकाळी ब्रशने घासा. जुन्या पिवळ्या थराला हे तीन-चार रात्री करावं लागेल. दुकानातलं टॉयलेट क्लीनर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं असल्यामुळे लवकर काम करतं, आपलं सावकाश करतं. इतर काही त्याच वेळी टाकण्याआधी प्रश्न १७ वाचा.

१४. चिमणीचा आणि एक्झॉस्ट फॅनचा चिकटा?

जाळी स्टीलची असेल तर धुण्याचा सोडा, कढत पाणी, एक तास. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर याच उपायाने ती काळी पडून खड्डे पडतील. तिला खायचा सोडा आणि साबण, वेळ जास्त. लोहचुंबक चिकटला नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमच असं समजू नका, बऱ्याच स्टीललाही तो चिकटत नाही. वजन बघा: अ‍ॅल्युमिनियम हातात घेतलं की हलकं लागतं. एक्झॉस्ट फॅनच्या प्लास्टिकच्या पात्यांना सोड्याची दाट पेस्ट, आणि आधी बटण बंद करून वायर काढा.

१५. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल झाला! आता?

घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन खाराच्या संगतीत लाल होतं. साबण पूर्ण धुऊन टाकला की पुन्हा पिवळं. मग कापड ओलंच कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हात विरतं. दोन-तीन उन्हं लागतील. लग्नातल्या हळदीच्या कपड्यांना हेच करा. गडद रंगांवर मात्र ऊन जपून, कापडाचाही रंग जातो. आणि जरीची पैठणी कुठल्याही घरगुती उपायाने धुऊ नका, अगदी रिठ्यानेही. साध्या रेशमाला कोमट रिठ्याचं पाणी उत्तम.

१६. यांनी जंतू मरतात का? घरात लहान बाळ आहे.

रोजच्या घराला जंतू *मारायची* गरज फार कमी वेळा असते. मळ आणि जंतू धुऊन काढले की भागतं, आणि ते रिठा-साबण करतात. साबण करोनासारख्या विषाणूंचं चरबीचं आवरणही फोडतो. व्हिनेगर आणि बायोएन्झाइम काही जिवाणूंना रोखतात, पण त्यांच्यावर जंतुनाशक म्हणून विसंबू नका.

घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल, कुणी आजारी असेल, रक्त सांडलं असेल, तर तत्त्व बाजूला ठेवून ब्लीच वापरा. बाटलीतलं ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, म्हणजे ०.१ टक्का. आधी घाण पुसून घ्या, मग द्रावण दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. उलटी-जुलाब किंवा रक्त सांडलेल्या जागेला पाचपट, म्हणजे १०० मिली. द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी संपवा. कच्ची मासळी-कोंबडी कापलेल्या पाटाला साबण आणि कढत पाणी, मग ऊन. त्यावर लिंबू फिरवून समाधान मानू नका.

१७. काय कशात कधीच मिसळायचं नाही?

ब्लीच कशातही नाही. ब्लीच आणि आंबट, म्हणजे व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम, टॉयलेट क्लीनर, यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियातून क्लोरामाइन. मूत्रातही अमोनिया असतो हे विसरू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत भरले तर डोळे-नाक जाळणारं पेरअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं. चुकून झालंच तर बादली उचलायला थांबू नका. बाहेर पडा, खिडक्या उघडता आल्या तर उघडा, श्वासाचा त्रास वाटला तर दवाखाना गाठा.

१८. टाकणखार, कापूर, टी ट्री ऑइल ही तर नैसर्गिकच आहेत ना?

आहेत. धोतराही नैसर्गिकच आहे.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. त्याची लाही तोंड आल्यावर लावायची जुनी पद्धत असल्यामुळे तो आपल्याला घरातला वाटतो, पण युरोपीय संघाने तो प्रजननाला घातक पदार्थांत घातलेला आहे. मुलं रांगत असलेल्या घरात फरशीला किंवा कपड्यांना तो वापरू नये असं आमचं स्पष्ट मत. कापूर लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात. पावसाळ्यात कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या तर आणखी वाईट: जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला तसे कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कपाटाला वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि महिन्यातून एकदा उघडी दारं पुरतात.

मांजर असेल तर टी ट्री आणि इतर सुगंधी तेलं घरातून बाद. मांजराचं यकृत हे पदार्थ नीट पचवू शकत नाही, आणि ते फरशीवरून चालून पंजे चाटतं. फिनाईललाही हेच लागू. मासे पाळत असाल तर रिठा टाकीजवळ नको. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधतं, पूर्वी ओढ्यात मासे गुंगवायला ते वापरत.

आणि एक विनंती. कुठलंही द्रावण थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. मुलं त्यावरचं नाव वाचत नाहीत, बाटली ओळखतात.

१९. वॉशिंग मशीनमध्ये रिठा चालतो का?

चालतो. पाच-सहा साली सुती पिशवीत घट्ट बांधून कपड्यांबरोबर टाका, पाणी ४० अंशांपर्यंत कोमट ठेवा. फेस कमी, त्यामुळे फ्रंट लोडलाही त्रास नाही. रोजचे घामाचे कपडे निघतात. शाळेचे पांढरे मोजे निघत नाहीत, आणि पांढऱ्या कपड्यांवर हळूहळू पिवळसर झाक येते. किसलेला साबण आणि सोडा घालून केलेली ‘घरगुती पावडर’ मशीनमध्ये नको. जड पाण्यात तिचा साका कपड्यांत आणि ड्रममध्ये बसतो (प्रश्न ४). व्हिनेगर कधीतरी ठीक. दर धुण्याला घातलं तर रबराच्या कड्या खराब होतात.

२०. कॉस्टिकशिवाय साबण करता येतो का?

येत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांच्या संयोगालाच साबण म्हणतात. ‘कॉस्टिक न वापरता’ म्हणून शिकवतात ते तयार साबणाचा पाया वितळवून साच्यात ओतणं. नीट मुरलेल्या साबणात कॉस्टिक उरत नाही. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ९० ग्रॅम कॉस्टिक लागतो. डिजिटल काट्याशिवाय करू नका. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. चष्मा, हातमोजे, स्टीलचं भांडं, उघडी खिडकी. आणि मुलं शाळेत गेलेली असताना. वड्या किमान चार आठवडे मुरू द्या. भांडी-कपड्यांसाठी एवढा खटाटोप करावा असं आम्हाला वाटत नाही, पण हौसेला मोल नसतं.

२१. सांडपाणी झाडांना घालू का?

रिठ्याचं, पातळ करून, मोठ्या झाडांना: हो. पातळ बायोएन्झाइमचं: हो, एकास पाचशे किंवा त्याहून पातळ. सोड्याचं आणि साबणाचं: नको. त्यातलं सोडियम माती घट्ट करतं आणि काळ्या मातीत तर ते लवकर निघतही नाही. सेप्टिक टँकला रिठा-बायोएन्झाइमचा त्रास नाही. बादलीभर ब्लीच ओतलंत तर टाकीतले कामाचे जिवाणू मरतात.

२२. आमच्या बचत गटाला हे विकायचंय.

भांडी-फरशीचं द्रावण विकायचं तर पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ‘जंतुनाशक’ हा शब्द लावलात तरी परवान्याचा प्रश्न येतो, आणि प्रश्न १६ वाचला असेल तर तो शब्द लावावासा वाटणारही नाही. रिठ्याची कोरडी पावडर विकणं सर्वात सोपं: टिकते, सांडत नाही, काम करते.

२३. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बायोएन्झाइम देऊ का?

जरूर. फक्त हिशेब दसऱ्याच्या सुमारास करा. तीन महिने धरले तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाटल्या लागल्या पाहिजेत, आणि तेव्हा संत्री मिळाली नाहीत तर लिंबू-मोसंबीच्या सालींवर भागवावं लागतं. उशीर झाला असेल तर यीस्ट घाला. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच. फडक्याने दोनदा गाळा, लहान प्लास्टिकच्या बाटल्या तीन-चतुर्थांशच भरा, आठवडाभर झाकण सैल ठेवून बघा आणि बुडबुडे थांबले की मगच घट्ट करा. चिठ्ठीवर तीन ओळी पुरेत: पिऊ नये. बादलीत दोन टोपणं. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवरावर नको.